वाऱ्याला तोंड द्या, म्हणे!

यंदाच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभाला जे पाहुणे आले होते, त्यांनी भाषणाचा शेवट एका दृष्टान्ताने केला. ते म्हणाले, "मित्रांनो, विमान कधी वाऱ्याच्या पाठीवर बसून उडत नाही. ते वाऱ्याला तोंड देऊन उडते. तुम्हीही प्रतिकूल वाऱ्याला तोंड द्या आणि उंच जा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. खोटे कशाला सांगू, वाक्य ऐकताना अंगावर काटा आला होता. शिवाय भाषण अवघ्या वीस मिनिटांत आटोपले होते, आणि आमच्या संमेलनाच्या इतिहासात ही गोष्ट सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखी आहे.

पण संध्याकाळी पिंपळगावच्या बसमध्ये दांडीला धरून उभी असताना, ओझर मागे पडले तेव्हा, ते वाक्य पुन्हा आठवले आणि या वेळी काटा काही आला नाही. उलट मनात आले की पाहुण्यांनी अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे सांगितले असते तर सभागृहातल्या माझ्यासारख्या कितीतरी मुलामुलींना त्याचा जास्त उपयोग झाला असता. ते उरलेले अर्धे या पानांत मांडावे असा विचार आहे. माझे विषय मराठी आणि अर्थशास्त्र. विमानविद्येशी माझा संबंध एवढाच, की माझे मामा धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर विमाने बांधतात.

बांधतात म्हणजे तयार करतात असे नव्हे. दोरीने बांधतात.

तेथे वैमानिक होऊ पाहणारी मुले लहान विमाने चालवायला शिकतात. मामा तेथे मदतनीस आहेत. विमान उतरले की चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे सरकवायचे, दोन्ही पंखांच्या खालच्या कड्यांतून आणि शेपटीच्या कडीतून दोर ओवून जमिनीतल्या लोखंडी कड्यांना आवळायचे, आतले सुकाणू हलू नये म्हणून त्यात खीळ घालायची. गोठ्यातल्या गाईची दावी तपासावीत तशी ते रात्री निजण्यापूर्वी ही दोरखंडे तपासून येतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे अकरा दिवस होते. पहिल्या दिवशी मी हसून विचारले, "मामा, एवढे मोठे विमान, ते काय पळून जाणार आहे का?" मामा म्हणाले, "पोरी, जाते! त्याचा जन्मच वाऱ्यावर उचलले जाण्यासाठी आहे. वर कोणी बसले आहे की नाही हे वारा बघत नाही."

या एका वाक्यात पाहुण्यांच्या भाषणाचे उरलेले अर्धे आहे, पण ते नीट उलगडून सांगितले पाहिजे.

आधी पाहुण्यांची बाजू. ते म्हणाले ते खोटे मुळीच नाही. पंखाला जमिनीशी काही देणेघेणे नसते, त्याला त्याच्यावरून वाहणारी हवा लागते. सेस्ना १७२ नावाचे चार बैठकींचे विमान शिकवण्यासाठी जगभर वापरतात. त्याचे नाक उचलायचे तर हवेतला वेग सुमारे ५५ नॉट लागतो. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, तेव्हा हा वेग झाला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. आता समोरून १५ नॉटचा वारा असेल, तर चाकांनी जमिनीवर ४० नॉटच पळायचे, उरलेले १५ वारा फुकट देतो. विमान कमी धावते, लवकर उचलते. उतरतानाही तेच. म्हणून उड्डाण आणि उतरणे दोन्ही वाऱ्याकडे तोंड करून करतात.

पण वाऱ्याकडे तोंड करायचे तर आधी धावपट्टी त्या तोंडाची असावी लागते! ही गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. मी रोज ओझरवरून येते-जाते. तेथे १९६० च्या दशकापासून मिग विमाने बनत आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यात बनलेले पहिले तेजस मार्क १-ए तेथूनच उडाले, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. त्या धावपट्टीच्या दोन टोकांवर ०९ आणि २७ असे आकडे आहेत. मामांनी सांगितले तेव्हा त्यांचा अर्थ कळला. होकायंत्रावरचे ९० अंश म्हणजे पूर्व, २७० अंश म्हणजे पश्चिम, शेवटचे शून्य गाळून टाकायचे. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा येतो तो पश्चिमेकडून. कोणीतरी आधी वर्षानुवर्षांच्या वाऱ्याचा हिशेब मांडतो आणि मग कोट्यवधी रुपयांचा रस्ता त्या दिशेने टाकतो. वैमानिक वाऱ्याला तोंड देतो खरा, पण तोंड देता येईल अशी सोय त्याच्या जन्माआधी कोणीतरी करून ठेवलेली असते.

आणि वारा काही धावपट्टीचा नोकर नाही. तो वळतो. तो आडवा आला की सारी कथाच बदलते.

आडव्या वाऱ्यात लहान विमान कसे उतरवतात हे मी धावपट्टीच्या कडेला, तारेच्या कुंपणाबाहेर बसून पाहिले आहे. सकाळचे आठ वाजले होते. खांबावरचा केशरी-पांढरा कापडी भोंगा, ज्याला सगळे विंडसॉक म्हणतात, तो आडवा फुगला होता. विमान समोरून येत होते, पण त्याचे नाक धावपट्टीकडे नव्हतेच. ते भलतीकडे बघत सरळ पुढे येत होते, खेकड्यासारखे तिरके. मला वाटले, गेले आता हे शेतात! नदी वाहती असेल तर पोहणारा समोरच्या काठावरच्या झाडाकडे तोंड करून पोहत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करतो, तेव्हा कुठे तो झाडापाशी पोचतो. तोच हा प्रकार. शेवटच्या क्षणाला पायाखालचा रडर दाबून नाक सरळ करायचे आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख थोडा खाली झुकवायचा. त्यामुळे विमान वाऱ्याकडच्या एकाच चाकावर टेकते. मग दुसरे चाक, मग पुढचे. एक क्षण लवकर सरळ केले तर वारा बाजूला ढकलतो. उशिरा केले तर चाके आडवी घासतात. आणि उतरल्यावरही सुटका नाही. उभे शेपूट वाऱ्यात वातकुक्कुटासारखे वागते आणि नाक वाऱ्याकडे ओढू लागते. त्यामुळे विमान जागेवर जाऊन थांबेपर्यंत सुकाणू वाऱ्याच्या हिशेबाने धरून ठेवावे लागते.

वारा झोत मारत असेल तर आणखी निराळे. स्थिर वाऱ्याशी जुळवून घेता येते, पण झोत आत्ता असतो आणि पुढच्या क्षणी नसतो, आणि तो गेला की त्याने दिलेला वेगही जातो. म्हणून झोत आणि साधा वारा यांच्यात जेवढा फरक असेल त्याच्या निम्मा वेग जादा ठेवून खाली येतात. हे मला तेथल्या एका प्रशिक्षकांनी सांगितले. ते चहा प्यायला कुंपणापर्यंत येत आणि मामांची भाची कॉलेजात आहे म्हणून कौतुकाने बोलत.

त्यांनीच मला सांगितलेली पुढची गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे. प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा एक आकडा असतो. सेस्ना १५२ हे दोन बैठकींचे, त्याला १२ नॉट. सेस्ना १७२ ला १५ नॉट. तेच आपण चित्रपटात पाहतो त्या बोइंग ७३७ ला तिसाच्या वर. सेस्ना १७२ चे भरल्या पोटी वजन जेमतेम ११०० किलो, बोइंगचे साठ-सत्तर टन. म्हणजे ज्या वाऱ्यात मोठ्या विमानातले प्रवासी निवांत सरबत पीत असतात, त्याच वाऱ्यात त्याच धावपट्टीवर लहान विमानाने उतरू नये. वारा एकच. विंडसॉकही एकच!

शिवाय तो १५ चा आकडा मर्यादेचाही नाही. त्याला 'दाखवलेला' वारा म्हणतात. विमान नवे होते तेव्हा कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकाने एवढ्या वाऱ्यात ते उतरवून दाखवले, इतकाच त्याचा अर्थ. शिकाऊ मुलाला एकट्याने पाठवताना प्रशिक्षक त्याहून कितीतरी कमी वाऱ्यावरच हात वर करतात. मला येथे आमच्या शाळेतले सत्कार आठवले. दर वर्षी दिव्याखाली अभ्यास करून पहिल्या आलेल्या एखाद्या मुलाचा सत्कार होई आणि मग आम्हा सर्वांकडे बघून विचारले जाई, "तो करू शकतो, तर तुम्ही का नाही?" तो आकडाही दाखवलेलाच होता.

आता विमानाच्या अगदी जन्मकथेकडे वळते, कारण पाहुण्यांचा दृष्टान्त आणि मामांचे वाक्य ही दोन्ही तेथे एकाच दिवशी खरी ठरलेली आहेत. राइट बंधूंनी किटी हॉक हे गाव निवडले ते तेथे भरपूर वारा असतो म्हणून. तत्पूर्वी त्यांनी अमेरिकेच्या हवामान खात्याकडे कोठे किती वारा असतो याची चौकशी केली होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी सकाळी ताशी वीस मैलांहून अधिक वाऱ्याला तोंड करून ऑर्व्हिलने पहिले उड्डाण केले. १२ सेकंद, १२० फूट. समोरचा वारा इतका होता की विमान जमिनीच्या हिशेबाने माणसाच्या पळण्याच्याच वेगाने पुढे सरकत होते. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. चौथे विल्बरने केले, ५९ सेकंद, ८५२ फूट. त्यानंतर विमान जमिनीवर उभे असताना त्याच वाऱ्याचा एक झोत आला आणि त्याने ते उलथेपालथे केले. धरायला धावलेला एक मदतनीस त्यात अडकून फरफटत गेला. तो वाचला, पण ते विमान पुन्हा कधी उडाले नाही. तेव्हा मामांसारखा कोणी दोर घेऊन तेथे नव्हता.

आपल्याकडे १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले ही कथाही संमेलनांतून ऐकू येते. त्या विमानाचे नाव 'मरुत्सखा', म्हणजे वाऱ्याचा मित्र. नाव फार सुंदर आहे. पण ते उडाल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही, आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला दिला जातो त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच काढलेला आहे. मला ऑर्व्हिलची रोजनिशी जास्त जवळची वाटते. तीत त्या दिवशीचा वारा किती होता ते लिहिलेले आहे.

आपल्या मातीतले खरे उदाहरण हवे असेल तर जे. आर. डी. टाटांचे आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. विमान एकाच इंजिनाचे, पस मॉथ नावाचे. रेडिओ नाही, वाटेत हवामान सांगणारे कोणी नाही. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. आता हे साहस सर्वांना पाठ आहे. पण त्याच सेवेची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलाची जमीन. पावसाळा लागला की ते पाण्याखाली जाई. तेव्हा या मंडळींनी काय केले? पावसाला तोंड दिले? मुळीच नाही. बिऱ्हाड उचलून ते पावसाळ्यापुरते पुण्याला गेले आणि तेथून विमाने उडवली. टपाल वेळेवर पोचवण्याबद्दल त्या सेवेचे नाव झाले, ते असा मुक्काम हलवूनच.

आणि ते पस मॉथ विमान! १९३० ते १९३२ या काळात जगात ठिकठिकाणी त्या जातीची काही विमाने वादळी, खवळलेल्या हवेत पंख तुटून कोसळली. तेव्हा चौकशी झाली. चालवणाऱ्यांची जिद्द कमी पडली असा निष्कर्ष कोणी काढला नाही. पंखाला आधार देणारी दांडी हवेत थरथरते असे आढळले, आणि कारखान्याने तिच्या रचनेत सुधारणा केली.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. एवढे विमानपुराण जिच्यासाठी लावले ती हीच.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा चालू होती. सकाळी अर्थशास्त्राचा पेपर होता. आदल्या रात्री आमच्या गावावर अवकाळी पाऊस आला. आदल्या दोन दिवसांत काढलेला उन्हाळ कांदा शेतातच पातीखाली झाकून पडला होता, चाळीत जायचा होता. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, हे आपल्यातल्या निम्म्यांना सांगायला नको. घरात आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ. (दादा म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना दादाच म्हणतो.) रात्री एकपासून आम्ही ताडपत्र्या ओढत होतो, कांदा पाटीत भरून पडवीत आणत होतो. सकाळी सहाला बस होती. दादा म्हणाले, "तू जा." पण निम्मा कांदा बाहेर होता आणि आभाळ अजून उतरलेले होते. मी गेले नाही.

पेपर चुकला. निकालपत्रावर त्या विषयापुढे गैरहजर असे आले. नंतर एका वडीलधाऱ्या व्यक्तीने, माझ्या हिताच्याच भावनेने, मला समजावले, "बाळ, अडचणी सर्वांनाच असतात. जिद्द हवी." मी मान हलवली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पहिल्याने वाद घालायचा नसतो असे मला वाटत असे.

त्यानंतर आठवडाभराने मी धुळ्याला गेले, आणि तेथे एका सकाळी जे पाहिले त्यामुळे हा लेख लिहायचे धाडस होते आहे. एक मुलगा एकट्याने उडणार होता. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. त्याच्या घरी कर्ज काढून पैसे भरले होते, असे मामा म्हणाले. तो पाचपासून तयार होऊन बसला होता. प्रशिक्षक बाहेर आले, विंडसॉककडे पाहिले, वाऱ्याचा आकडा घेतला आणि म्हणाले, "आज नाही." मुलाचा चेहरा पडला. पण कोणी त्याला जिद्दीवर व्याख्यान दिले नाही, आणि तोही लाजला नाही. मामांनी विमान पुन्हा बांधले. वारा इतका-इतका, आडवा, उड्डाण रद्द, अशी नोंद झाली. दोन दिवसांनी पहाटे हवा शांत असताना तो उडाला आणि तीनदा छान उतरला. खानदेशात उन्हाळ्यात दहा-अकरानंतर जमीन तापून हवा उसळू लागते, म्हणून तेथे पहाटेला फार मोल आहे.

विमानतळावरचे हवामानवृत्त मला प्रशिक्षकांनी वाचायला शिकवले. त्यात ठिकाण आणि वेळ झाली की पहिली नोंद वाऱ्याची असते. दिशा, वेग, आणि झोत असतील तर त्यांचाही आकडा. पाऊस, ढग, तापमान हे सारे मागाहून. आपल्या हजेरीपटात एकच खूण असते, आहे किंवा नाही. त्या दिवशी पिंपळगावच्या बाजूला वारा किती होता, याला रकाना नाही. पहिल्या वर्षी आम्हाला एक माहितीपत्रक भरायला दिले होते. त्यात रक्तगट होता, छंद होता, आवडता खेळाडू होता. घरापासून बस किती वाजता सुटते, घरी कोणाच्या हाताखाली किती काम असते, कांदा-द्राक्षे कोणत्या महिन्यात निघतात, हे नव्हते. मी छंदापुढे 'वाचन' लिहिले, कारण शेजारणीने तेच लिहिले होते.

येथे काही गुरुजन म्हणतील, आणि ते म्हणणे रास्त आहे, की असे चालू केले तर प्रत्येकजण वाऱ्याचे निमित्त सांगेल. मला दोन उत्तरे सुचतात. एक, धावपट्टीवर वारा किती ते शिकाऊ मुलगा सांगत नाही. ते यंत्र सांगते आणि प्रशिक्षक ठरवतो. आमचेही कोणीतरी मोजावे एवढेच मागणे आहे. आम्ही सांगू तेच खरे धरा, असे नाही. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. वारा आहे म्हणून जो कधी उडतच नाही तो वैमानिक होत नाही, हे त्या मुलांनाही ठाऊक असते. आडव्या वाऱ्यात उतरणे त्यांना शिकावेच लागते. पण ते कसे शिकवतात? आधी थोडा वारा, मग त्याहून थोडा अधिक, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक शेजारच्या खुर्चीवर. शिकवण्याच्या विमानात सुकाणूही दोन असतात आणि रडरचे पायही दोन जोड. मुलाचा हात चुकला की शेजारचा हात तत्काळ धरतो, आणि वर आल्यावर काय चुकले ते सांगतो.

ज्यांच्या घरी वडील, काका, मोठी बहीण कॉलेजात गेलेले असतात त्यांच्या घरीच दुसरे सुकाणू असते. अर्ज कसा भरायचा, कोणता विषय घ्यायचा, पेपर चुकला तर पुढे काय करायचे, हे जेवताना कळते. मला राहिलेला पेपर हिवाळी परीक्षेत देता येतो आणि त्याचा अर्ज अमुक तारखेपर्यंत भरायचा असतो, हे कळले ते बसमध्ये, एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडून, शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवस. तिने सांगितले नसते तर मी वर्ष वाया गेले असेच धरून बसले असते, आणि घरी ज्या गोष्टींची कुजबुज चालू झालेली होती त्यांना मग कारणच मिळाले असते. पहिल्या वर्षी आमच्या बाकावर आम्ही चौघी होतो. आता दोघी आहोत. एकीचे दिवाळीनंतर लग्न झाले, दुसरी कांद्याच्या शेडवर निवडीला जाते. दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, याला त्यांच्या गुणपत्रिका साक्षी आहेत.

राहिलेला पेपर पुढे भरून निघतोच ना, असेही कोणी म्हणेल. माझा निघाला, ४४ गुण मिळाले. पण प्रशिक्षकांनी मला घातलेले एक गणित सांगते. विमानाचा वेग १०० नॉट, जाताना १०० सागरी मैल, येताना तितकेच. वारा नसेल तर दोन तास. आता २० नॉटचा वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून आहे. किती वेळ लागेल? मी झटकन म्हणाले, तितकाच, जाताना गेले ते येताना मिळाले. ते हसले आणि म्हणाले, मांड. जाताना वेग ८०, म्हणजे ७५ मिनिटे. येताना १२०, म्हणजे ५० मिनिटे. एकूण १२५. वारा ५० नॉटचा केला तर जाताना दोन तास, येताना ४० मिनिटे, एकूण १६०. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ सापडते म्हणून असे होते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, तरी तीनदा मांडून पाहिले.

मी फार काही मागत नाही. 'कमवा आणि शिका' योजना आपल्याकडे आहे, तिचा आधार मोठा आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. त्याच्या जोडीला दर दहा-बारा मुलांमागे एक प्राध्यापक असावा, ज्याला त्या मुलांची बस आणि घरचा हंगाम ठाऊक आहे. चुकलेल्या पेपराचे पुढे काय करायचे याचा कागद सूचनाफलकावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लागावा. आणि माहितीपत्रकात छंदाच्या वर दोन ओळी रिकाम्या सोडाव्यात. भरायच्या काय, ते आम्ही सांगू.

पाहुण्यांविषयी माझ्या मनात राग नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले तर मी पहिल्या रांगेत बसेन. जमल्यास त्यांना एकदा उन्हाळ्यात गोंदूरला घेऊन जाईन. मामा चहा चांगला करतात.

परवा रात्री मामांचा फोन आला होता. मी विचारले, "आज उडाली का विमाने?" म्हणाले, "सकाळी दोन उडाली. दुपारपासून वारा सुटला आहे, सगळी बांधून ठेवली. पोरे कॅरम खेळत बसली आहेत. तुझा अभ्यास काय म्हणतो?"